घरात दिव्यांग माणूस असेल आणि इस्रायलला येताय, तर आधी हे वाचा

शालोम मंडळी. बेर शेव्हात आपल्या बेने इस्रायल (मराठी ज्यू) समाजातलं कोणी नवीन आलं की कोणीतरी माझा नंबर देतं आणि रात्री फोन येतो. आधी उल्पान (हिब्रूचे वर्ग), मग घरभाडं, मग शाळा, सगळं विचारून होतं आणि फोन ठेवायच्या वेळेला हळूच, "ताई, आमचा मधला जरा वेगळा आहे हो". हे सगळ्यात शेवटी का येतं ते मला कळतं, आम्हीपण तेच केलेलं.

आम्ही १९९४ ला ठाण्याहून आलो, आई, मी आणि धाकटा भाऊ. त्याला लहानपणी पोलिओ झालेला, दोन्ही पायांना कॅलिपर. फॉर्मवर आजाराच्या रकान्यात आम्ही चक्क "नाही" लिहिलं, कारण कोणीतरी सांगितलेलं की फाइल अडकेल. परतीचा कायदा, म्हणजे ज्यू माणसाला इथे येऊन राहायचा हक्क देणारा, १९५० चा आहे, त्यात अपंग आहे म्हणून नाकारा असं कुठेही नाहीये. पण आम्ही लपवलं आणि मग इथे येऊन तेच सिद्ध करत बसलो, वर हिब्रू येत नव्हतं ते वेगळंच. तेव्हा पहिल्या फॉर्मपासून स्पष्ट लिहा. तिकडचे सगळे रिपोर्ट, ऑपरेशनचे कागद, शाळेचा दाखला, सगळं इंग्रजीत करून आणा, जमलं तर हिब्रूतपण.

पोचल्यावर कुपत होलिम (थोडक्यात कुपा, म्हणजे आरोग्य विमा आणि दवाखाने चालवणारी संस्था) निवडायची असते, चार आहेत, क्लालित, मकाबी, मेउहेदेत, लेउमित. आपले लोक शेजारी ज्यात आहे त्यात जातात, तसं करू नका. तुमच्या माणसाला जी थेरपी लागते ती घराजवळ कुठल्या कुपामधे आहे आणि तोर किती दिवसांनी मिळतो ते विचारून मग ठरवा. (तोर म्हणजे अपॉइंटमेंट. हा शब्द आईला सगळ्यात आधी पाठ झाला.)

पैशांचं काम बितुआख लेउमीकडे (सरकारी राष्ट्रीय विमा), फोन *६०५०. मूल असेल तर अपंग मुलाचा भत्ता वेगळा, तो १८ वर्षं ३ महिन्यांपर्यंत, नंतर मोठ्यांच्या पेन्शनसाठी परत नव्याने अर्ज करावा लागतो, आपोआप काही सुरू राहत नाही, ही तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. मोठ्यांना डॉक्टरांच्या वादापुढे जावं लागतं. वादा म्हणजे कमिटी, आपला वादा नव्हे. तिथे टक्के ठरतात, साधारण ६०% वैद्यकीय अपंगत्व लागतं, काही बाबतीत ४०% वरही होतं, आणि कमाईची ताकद किती गेली तेपण बघतात.

आता इथे आमच्या भावाने काय केलं ऐका. डॉक्टरने विचारलं चालता येतं का, तर हा पठ्ठ्या उठला, कॅलिपर लॉक केले आणि दारापर्यंत चालून दाखवलं. ठाण्याला लहानपणापासून "बघा, किती छान चालतो आमचा" हेच ऐकत वाढलेला ना! डॉक्टरने लिहिलं, चालतो. टक्के इतके कमी आले की हातात काहीच पडेना, मग अपील, त्यात जवळजवळ वर्ष गेलं. घरी येऊन त्याचे दंड दोन दिवस दुखत होते ते कुठे लिहिलेलं नव्हतं. वादासमोर आपला चांगला दिवस दाखवायचा नसतो, नेहमीचा दिवस सांगायचा, बाथरूमला किती वेळ लागतो, किती वेळा पडतो, कोण उचलतं, सगळं. लाज वाटते मान्य आहे, पण सांगा. आणि निकाल पटला नाही तर पत्रावर अपीलची मुदत असते ती चुकवू नका.

व्हीलचेअर, कुबड्या, कमोडची खुर्ची असलं काही लगेच विकत घेऊ नका. याद साराह म्हणून संस्था आहे, १९७६ ला जेरुसलेममधे सुरू झाली, आता गावोगावी शाखा आहेत, डिपॉझिट घेऊन वस्तू वापरायला देतात आणि परत केली की पैसे परत. आम्हाला पहिली खुर्ची तिथूनच मिळाली.

घर बघताना एक गोष्ट ब्रोकर स्वतःहून सांगणार नाही. घरात मामाद आहे का विचारा, म्हणजे काँक्रीटची सुरक्षित खोली. जुन्या बिल्डिंगीत ती नसते, तळघरात सगळ्यांचा मिळून मिकलात (आसरा घ्यायची जागा) असतो आणि तिथे जायला जिना. रॉकेटच्या इशाऱ्याचा भोंगा झाला की बेर शेव्हात साधारण एक मिनिट मिळतं, त्यात माणूस उचलून तळघरात न्यायचं म्हणजे काय ते मला विचारा. स्वयंपाकघर लहान चालेल, मामाद पाहिजे.

आता सिनेगॉगचं. तिकडे भावाला दर शब्बाथला दोघंजण काखेत हात घालून पायऱ्या चढवायचे, प्रेमानेच, त्यात वाद नाही. इथे आलो तर पहिल्याच आठवड्यात तसंच झालं आणि तो मला म्हणाला, मी आता जात नाही, मला पोत्यासारखं उचलतात. दोन महिने गेला नाही. मग आमचा मुकादम (सिनेगॉगचा प्रमुख) घरी आला आणि त्याने एकच विचारलं, "तुला काय लागेल?" भावाने सांगितलं, दाराशी लाकडी उतार आणि तेबाला (जिथून तोरा वाचतात तो चौथरा) कठडा. बस. उतार सुताराने एका दिवसात केला. सेफेर तोरावर (तोराच्या गुंडाळीवर) त्याला वाचायला बोलवायचं असलं की खाली टेबल मांडून तिथेच वाचतात. गंमत म्हणजे त्या उताराचा फायदा आईच्या गुडघ्यांना आणि बाबागाडीवाल्यांना जास्त झाला. १९९८ चा समान हक्कांचा कायदा आहे, २००५ मधे त्यात सोयीसुविधांचा भाग घातला, सार्वजनिक जागांना तो लागू आहे, पण मी म्हणेन आधी चहा पाजून बोला, कायदा खिशात असू द्या.

शब्बाथचे प्रश्न लोक घाबरत विचारतात. खुर्ची रस्त्यावर ढकलायला एरुव (गावाभोवतीची धार्मिक हद्द, जिच्या आत शब्बाथला वस्तू नेता येतात) लागतो, इथल्या बहुतेक गावांत तो असतो. कानातलं मशीन शब्बाथच्या आधी चालू करून घालून ठेवायला बहुतेक रब्बी हरकत घेत नाहीत. गाइड कुत्र्याला सिनेगॉगमधे आणायला रब्बी मोशे फाइनस्टाइन यांनी १९५३ मधेच परवानगी दिलेली. ऐकू न येणाऱ्या मुलांचं जरा नाजूक आहे, जुन्या ग्रंथांत बहिऱ्या-मुक्याला मिन्यानमधे (प्रार्थनेला लागणाऱ्या दहा पुरुषांत) धरत नसत, तेव्हा त्याला शिकवायची सोयच नव्हती. आता खुणांच्या भाषेत शिकलेल्याला बरेच रब्बी धरतात, सगळे नाही. तुमच्या रब्बीला बार मित्झ्वाच्या (मुलगा तेराचा झाला की होणारा विधी) वर्षभर आधी एकट्याने गाठून विचारा, मुलासमोर नको.

मलिद्याचं (एलियाहू हनाबीच्या नावाने पोहे-खजूर वाटायचा आपला विधी) मात्र आपणच बघायचं, त्याला कुठला रब्बी नाही. आपण खाली चटईवर बसतो आणि खुर्चीवाला माणूस भिंतीशी एकटा, ताट त्याच्यापर्यंत पोचतं तेव्हा खजूर संपलेले. आमच्याकडे आता सगळेच टेबलावर बसतात. म्हाताऱ्यांनी थोडी कुरकुर केली, मग त्यांच्याच कंबरेला बरं वाटलं.

आणि बहिणीच्या लग्नाचं कारण सांगून भावाला घरात ठेवणाऱ्यांना मी फोनवरच ओरडते. १९६४ ला क्नेसेटने (इथल्या संसदेने) ठराव करेपर्यंत आपल्याच समाजाला तुम्ही पूर्ण ज्यू का म्हणून विचारत होते, आणि आपण घरच्या पोराला पाहुणे आले की आत बसवायचं? शाल्व्हा या दिव्यांगांच्या बँडमधली दीना समते मणिपूरकडच्या बने मेनाशे या ज्यू समाजातली, दिसत नाही तिला, आणि २०१९ मधे तेल अवीवला युरोव्हिजन या गाण्याच्या स्पर्धेच्या मंचावर पाहुणी म्हणून गायली. शाल्व्हाच्या मुलांनी त्याआधी, युरोव्हिजनला इस्रायलकडून कोण जाणार ते ठरवणारी इथली स्पर्धाच सोडली होती कारण शब्बाथला रिहर्सल होती. तुमच्या पोराने गायलाच पाहिजे असं नाही, पण हॉलमधे दिसू तर दे.

अजून बॅग भरत असाल तर पोहे नका भरू, इथे मिळतात. ती जागा कागदांच्या फाइलला द्या, आणि फाइल हातातल्या बॅगेत ठेवा, आमची सामानात टाकलेली ती चार दिवस उशिरा आली.