तळ्यातल्या ट्राउटसाठी गळावर टिकणारी कणीक

अमेरिकेत बऱ्याच तळ्यांत हॅचरीत (मासे पैदा करण्याच्या केंद्रात) वाढवलेले रेनबो ट्राउट सोडतात. खाद्याच्या गोळ्यांवर पोसलेले हे मासे कणकेला चटकन तोंड लावतात. अडचण एकच: गळ फेकताना कणीक निसटते, नाहीतर पाण्यात विरघळते. त्यावर उपाय वातीचा कापूस!

1. अर्धी वाटी मैद्यात दोन चमचे किसलेलं चीज आणि तीन-चार ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या घाला. लसूण वगळू नका, वासाचं खरं काम तोच करतो. पाणी थेंबाथेंबाने घालून, बोटांना चिकटायचं थांबेपर्यंत घट्ट मळा.

2. चिमूटभर कापूस बोटांनी पिंजून तंतू सुटे करा आणि थोडे थोडे मळत जा. गोळा तोडताना मध्ये बारीक धागे ताणलेले दिसले की झालं. गुठळी राहिली तर ती गळाच्या टोकावर येते आणि मासा अडकत नाही.

3. बारा नंबरच्या गळावर आधी छोटा मार्शमॅलो (साखरेची मऊ, फुगीर मिठाई) ओवून दोऱ्यावर सरकवा, मग वाटाण्याएवढी गोळी गळावर दाबून बसवा. दोरा बुडवणारं शिशाचं वजन गळापासून दीड-दोन फूट मागे ठेवा. मार्शमॅलोमुळे आमिष शेवाळात न रुतता तळापासून वर तरंगतं.

परवाना तर लागतोच, शिवाय काही पाण्यांत खाण्याचं आमिष लावायला बंदी असते. तिथले नियम आधी वाचा. कणकेचा गळ ट्राउट खोल गिळतो. मासा परत सोडायचा असेल तर गळ ओढून काढू नका, तोंडाजवळ दोरा कापा.