ऑस्ट्रेलियाला मिरची-धने पाठवताय? फ्युमिगेशनच्या या चुका टाळा

पुण्यात गुलटेकडीला मार्केटयार्डात बसून एक्स्पोर्टचे कागद करते मी, बारा वर्षं झाली. फ्युमिगेशन म्हणजे बंद जागेत माल ठेवून गॅसने त्यातली कीड मारणं. दिवाळी झाली की नवे लोक येतातच, "ताई, माल परवा भरायचाय, फ्युमिगेशनचं तेवढं बघा ना." परवा! अहो, आधी माल पॅक करून टाकलाय आणि नियम आता विचारताय, हे मला दर वर्षी ऐकवावं लागतं, म्हणून एकदाच लिहिते.

ऑस्ट्रेलियाला भीती आहे खपऱ्याची. साठवलेलं धान्य खाणारा दोन-तीन मिलिमीटरचा भुंगा, पण त्याची केसाळ अळी कंटेनरच्या फटीत उपाशीपोटी वर्षानुवर्षं टिकते. 2020 पासून त्यांनी एकेक टप्पा करून नियम आवळले. तांदूळ, हरभरा, तूर, मूग, मसूर, जिरे, धने, बडीशेप, सुकी मिरची, शेंगदाणे सगळं त्यांच्या हाय रिस्क यादीत आहे, आणि भारत खपऱ्याच्या देशांच्या यादीत.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे मागच्या शिपमेंटचा कागद समोर ठेवून नवी शिपमेंट करणं. एकाने धन्यांना नेहमीचा डोस, 24 तास, असं उरकून टाकलं कारण "मागच्या वेळी चाललं होतं". खपऱ्यासाठी मिथाइल ब्रोमाइड या गॅसचा डोस आहे घनमीटरला 80 ग्रॅम, किमान 48 तास, तापमान 21 अंशांच्या खाली नाही. गॅसऐवजी हीट लावायची तर 60 अंश, 180 मिनिटं. नशीब, मेलबर्नच्या बायरच्या ब्रोकरने सर्टिफिकेट आधी मागून बघितलं, नाहीतर माल तिथे पोचून परत पाठवा नाहीतर नष्ट करा एवढंच उरलं असतं. आणि हे आकडेसुद्धा माझ्या इथून उतरवून घेऊ नका. ऑस्ट्रेलिया सरकारच्या आयात-नियमांची ऑनलाइन सिस्टिम आहे, बायकॉन, तिच्यावर आपल्या मालाचं नाव टाकून स्वतः वाचा. मी ऑर्डर येते त्या दिवशी एकदा, माल भरायच्या आदल्या दिवशी एकदा वाचते आणि तारखेसकट प्रिंट फाईलला लावते. नियम बदलला असेल तर नवीन कधीपासून लागू, आणि ती तारीख जहाजावर चढवण्याची धरतात की तिथे पोचण्याची, हे बायरच्या ब्रोकरकडून लेखी घ्यायचं, फोनवर नाही.

आता दुसरी चूक, माझी स्वतःची, जिच्यामुळे मी एक अख्खी रात्र वाघोलीच्या गोदामात काढलीये. बाराशे किलो सुकी मिरची, एकेक किलोचे चकचकीत लॅमिनेटेड पाऊच, सील करून, कार्टनमध्ये भरून तयार. फ्युमिगेशनवाले काका आले, एक पाऊच उचलला, दोन्ही हातांनी दाबला, टणक, कुठूनही हवा निघेना. म्हणाले, "ताई, हवा बाहेर येत नाही तर गॅस आत कसा जाणार?" झालं. असल्या सीलबंद लॅमिनेटेड पाऊचमधून गॅस नीट आत जात नाही हो, आणि तो मालापर्यंत पोचलाच पाहिजे. सगळे पाऊच कात्रीने कापले, मिरची ज्यूटच्या पोत्यांत ओतली, सात जणं तोंडाला ओले रुमाल बांधून पहाटेपर्यंत खोकत होतो, डोळे चोळायची सोय नव्हती. नंतर फ्युमिगेशन, हवा देणं, मग नवीन पाऊच. छापलेले पाऊच वाया गेले ते वेगळंच. तेव्हापासून मी पॅकिंगचं सँपल हातात घेऊन दाबल्याशिवाय फ्युमिगेशनची तारीख देत नाही, कोणी कितीही घाई करू दे.

तापमानाचं तर कोणाच्या डोक्यातच येत नाही. डिसेंबरात पुण्यात रात्री पारा 11-12 पर्यंत उतरतो आणि 48 तास म्हणजे दोन रात्री आल्याच. पनवेल-उरणकडे थंडी कमी असते म्हणून थंडीत मी तिकडेच करून घेते, तरी थर्मामीटर मालाच्या मधोमध लावायला सांगते.

गोदामात आपण सर्रास ठेवतो ती अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड नव्हे, खपऱ्याच्या उपायांत ती धरत नाहीत. कोणी "गॅस तोच आहे" म्हणालं तर उठून या.

स्वस्तातला ऑपरेटर नको. ऑस्ट्रेलियाच्या यादीवर नाव आहे का ते बघा, नाव नसेल तर त्याचं सर्टिफिकेट नुसता कागद आहे. शिवाय मिथाइल ब्रोमाइड विषारी, आणि वासावरून कळतही नाही, त्यामुळे "लवकर उघडा, ट्रक थांबलाय" असं म्हणणाऱ्याला मी गोदामाच्या बाहेर काढते.

रिकामा कंटेनर टॉर्च घेऊन आतून बघा, जमिनीच्या फळ्यांच्या फटी, कोपरे. जुने दाणे दिसले तर झाडून घ्या किंवा कंटेनर बदलून मागा.

फायटोसॅनिटरी सर्टिफिकेटवरचं, म्हणजे माल कीड-रोगमुक्त असल्याच्या सरकारी दाखल्यावरचं, खपऱ्याचं डिक्लरेशन शब्दन्‌शब्द जुळवा. लाकडी पॅलेटवर आयएसपीएम 15 चा, म्हणजे लाकडावर कीडनाशक प्रक्रिया केल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का हवा.

आणि मुलांकडे सिडनी-मेलबर्नला निघालेल्या काका-काकूंनो, बॅगेत धने, डाळी, तांदूळ, सुक्या मिरच्या अजिबात घेऊ नका, 15 ऑक्टोबर 2020 पासून प्रवाशांच्या सामानात आणि पोस्टानेही ते बंद आहे. कंपनीने भाजून किंवा तळून पॅक केलेल्या मालाला खपऱ्याच्या नियमांतून सूट आहे, तरी आपला पदार्थ त्यात बसतो का ते निघण्याआधी बघा आणि विमानात भरायला देतात त्या कार्डावर लिहा.