अमेरिकेत शिक्षण आणि नोकरी: व्हिसाच्या तारखा सांभाळताना

अमेरिकेत शिकायला येणाऱ्यांची सारी चिंता वकिलातीतल्या मुलाखतीभोवती फिरत असते. ती स्वाभाविकही आहे, कारण परतण्याचा इरादा अधिकाऱ्याला पटला नाही, तर उत्तम गुण असूनही कलम २१४(ब) खाली नकार मिळू शकतो. मात्र इथे काही वर्षे काढल्यावर माझे मत असे झाले आहे की खरी कसोटी व्हिसा हाती पडल्यानंतर सुरू होते.

पासपोर्टवरच्या व्हिशाने देशाच्या दारापर्यंत येता येते. आत किती काळ राहायचे, हे प्रवेशाच्या वेळी होणारी आय-९४ ही नोंद ठरवते. माझ्या एका सहकाऱ्याची एच-१बी या कुशल नोकरीसाठीच्या व्हिशाची मंजुरी तीन वर्षांची होती, परंतु पासपोर्टची मुदत त्याआधीच संपत असल्याने विमानतळावर आय-९४ वर पासपोर्टचीच तारीख पडली, आणि ते फार उशिरा लक्षात आल्यामुळे वकील, अर्ज आणि शुल्क यांचे लचांड मागे लागले. प्रत्येक प्रवासानंतर ही नोंद सरकारी संकेतस्थळावरून उतरवून तारीख तपासावी, आणि पासपोर्टचे नूतनीकरण शक्यतो प्रवासाआधी उरकावे.

पदवीनंतर ओपीटीखाली, म्हणजे विद्यार्थी व्हिशावरच मिळणाऱ्या कामाच्या परवानगीखाली, बारा महिने काम करता येते, पण त्यात बेरोजगारीचे एकूण ९० दिवसच चालतात आणि ते कामाच्या परवान्याच्या कार्डावरील आरंभाच्या तारखेपासून मोजले जातात; त्यामुळे ती तारीख निवडताना नोकरीच्या शोधाला लागणारा वेळ धरावाच लागतो. स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) विषयांना आणखी २४ महिने मिळतात, तेही कंपनी ई-व्हेरिफाय या कर्मचाऱ्यांची कामाची पात्रता तपासणाऱ्या सरकारी प्रणालीत नोंदलेली असेल तरच. छोट्या कंपनीत रुजू होण्यापूर्वी हे विचारायला संकोच वाटतो, तरीही विचारावे. विषय स्टेममध्ये मोडतो की नाही, हे पदवीच्या नावावरून कळत नाही, ते आय-२० या विद्यापीठाने दिलेल्या प्रवेशपत्रावरच्या सीआयपी, म्हणजे अभ्यासक्रमाच्या वर्गीकरणाच्या, संकेतांकावरून कळते. सर्वसाधारण अर्थशास्त्र त्या यादीत नाही, तर अर्थमिती व संख्यात्मक अर्थशास्त्र आहे, आणि विद्यापीठांच्या माहितीपत्रकांत हा फरक ठळकपणे सांगितलेला असतोच असे नाही.

एच-१बीची वार्षिक मर्यादा ६५,००० असून अमेरिकी पदव्युत्तर पदवीधारकांसाठी आणखी २०,००० जागा आहेत. नोंदणी मार्चमध्ये होते आणि निवड झालेल्यांना १ ऑक्टोबरपासून काम सुरू करता येते. स्टेम पदवीधराला या चक्रात सहसा तीन संधी मिळतात, इतरांना एखाद-दुसरीच. शिवाय १९ सप्टेंबर २०२५ च्या अध्यक्षीय घोषणापत्राने देशाबाहेरील कर्मचाऱ्यांच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचा भार टाकला. त्यामुळे शिक्षण संपवून परत जायचे आणि मग तिथून अर्ज करायचा, हा पूर्वीचा सल्ला आता डोळे झाकून देता येत नाही.

एच-१बीवर असताना नोकरी गेली, तर नवा मालक शोधायला किंवा स्थिती बदलण्याचा अर्ज करायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि आय-९४ त्याआधी संपत असेल तर तेवढेही नाहीत. पगाराच्या पावत्या, मंजुरीची सगळी पत्रे आणि जुनी आय-२० यांच्या प्रती कंपनीच्या संगणकावर न ठेवता स्वतःजवळ ठेवाव्यात, कारण कामावरून कमी केल्याच्या दिवशी तो संगणक बहुधा सकाळीच बंद झालेला असतो.