चाहूल लागताच हलणारा सुताचा प्रकाशपडदा

समोर माणूस आला की हलणारा आणि उजळणारा पडदा करायचा असेल, तर सोलापुरात साहित्याची जमवाजमव सुतापासून करावी. यंत्रमागाच्या कारखान्यातून कोनावर, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या शंकूवर, उरलेले पांढरे सूत मागून घ्यावे; चादरीचे गडद लाल-निळे सूत कितीही देखणे असले, तरी ते प्रकाश शोषून घेते.

सुमारे एक मीटर रुंदीच्या लाकडी चौकटीच्या माथ्यावर आठ हलक्या पट्ट्या एकीमागे एक बसवाव्यात, प्रत्येक पट्टी मधोमध खिळीवर तोलावी आणि तिला धागे सोडावेत. दोन्ही बाजूंचे वजन सारखे असले की मोटरला वजन उचलावे लागत नाही, केवळ तोल बदलावा लागतो. त्यामुळे प्रत्येक पट्टीला एक लहान सर्वो मोटर (सांगितलेल्या कोनात वळून थांबणारी मोटर) पुरते. एलईडीची पट्टी तळाशी, प्रकाश धाग्यांना घासून वर जाईल अशी लावावी. समोरून टाकलेल्या उजेडात धागे सपाट दिसतात.

खरी डोकेदुखी जोडणीत आहे. या पट्टीतल्या डब्ल्यूएस२८१२बी जातीच्या, प्रत्येकी वेगळ्या नियंत्रित होणाऱ्या एलईडी दिव्यांना माहिती पाठवताना अर्डुइनो उनो हा सगळे चालवणारा छोटा नियंत्रक बोर्ड इतर कामे क्षणभर थांबवतो, आणि त्याच बोर्डावरून सर्वो चालवल्यास त्या थरथरतात. म्हणून मोटरींसाठी पीसीए९६८५ हा १६ वाहिन्यांचा स्वतंत्र बोर्ड घ्यावा. पूर्ण पांढऱ्या उजेडात एक दिवा सुमारे ६० मिलीअँपिअर घेतो, म्हणजे ६० दिव्यांना ५ व्होल्टवर ३.६ अँपिअर लागतात. दिव्यांचा आणि मोटरींचा वीजपुरवठा वेगळा असावा, मात्र सर्वांचे ग्राउंड, म्हणजे ऋण टोकाच्या तारा, एकत्र जोडावे.

डावीकडे व उजवीकडे एचसी-एसआर०४ हे ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारे सेन्सर धाग्यांच्या पुढे लावावेत, कारण सूत ध्वनी शोषते. दोन्ही एकाच वेळी चालवले तर एकाचा प्रतिध्वनी दुसरा पकडतो. त्यांना आळीपाळीने, ६० मिलीसेकंदांच्या अंतराने चालवावे. प्रतिध्वनी परत यायला लागलेल्या मायक्रोसेकंदांना ५८ ने भागले की माणसापर्यंतचे अंतर सेंटीमीटरमध्ये मिळते. एप्रिल-मेच्या उन्हात ध्वनीचा वेग थोडा वाढतो, पण येथे तो फरक सोडून द्यावा.

माणूस दिसताच पट्टी झटकन वळवू नये, असे माझे ठाम मत आहे. प्रोग्रामच्या प्रत्येक फेरीत पट्टीला ठरलेल्या जागी पोहोचायला उरलेल्या अंतराचा दहावा भागच तिला सरकवावे आणि मागची पट्टी पुढचीपेक्षा किंचित उशिरा हलवावी, म्हणजे लाट मागे सरकताना दिसते. हे आकडे जुळवून पाहताना पंखा बंद ठेवावा, नाहीतर धागे वाऱ्यानेच हलतात. वीजपुरवठ्याचे डबे मात्र धाग्यांपासून दूर, झाकून पण हवा खेळेल असे ठेवावेत, कारण सुताचे तूस त्यांच्या जाळीत लवकर साठते.