बीआयएमचा क्लास लावायच्या आधी हे वाचा

दर दोन-चार दिवसाला गावाकडच्या कुण्या ना कुण्या ज्युनिअरचा मेसेज येतो, दादा बीआयएमचा क्लास लावू का, फी लई सांगायलेत. म्हणून एकदाच लिहून टाकतो. बीआयएम म्हणजे बांधकामाचं माहितीसकट थ्रीडी मॉडेल कॉम्प्युटरवर बनवून त्यावरून काम चालवायची पद्धत.

मी लातूरला डिप्लोमा केला, मग संभाजीनगरला क्लासमध्ये रेव्हिट, म्हणजे इमारतीचं थ्रीडी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर, शिकलो. दोन मजली बंगला थ्रीडीत गरगर फिरवला की वाटलं आता आपण सुटलो. नोकरी लागली बीडकडं रस्ता रुंदीकरणाच्या कामावर, अन् रस्त्याला कुठं मजले असतात? तिथं अलाइनमेंट (रस्त्याची मधली रेषा), चेनेज (त्या रेषेवरचं अंतर), लेव्हल (उंची). रेव्हिट आलं तर मोऱ्या (रस्त्याखालून पाणी जायच्या) अन् पुलांपुरतं, बाकी सगळं सिव्हिल थ्रीडी नाहीतर ओपनरोड्स असल्या रस्त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये.

पहिल्याच महिन्यात तोंडावर पडलो. एक जुनी मोरी दोन्ही बाजूनं लांबवायची होती, मॉडेल एकदम चकाचक, पण साइटवर आखणी केली तर नवी मोरी जुनीच्या तोंडाला लागंना, मीटरभर सरकलेली. सुपरवायझर मामा चहा पीत म्हणले, "साहेब, जुनी तर जागची हलली नसंल ना?" दोन दिवस शोधलं तेव्हा कळलं. सर्वे डीजीपीएसनं (उपग्रहावरून जागा मोजायचं यंत्र) यूटीएममध्ये (पृथ्वीचे झोन पाडून सपाट नकाशा करायची पद्धत) केलेला, मराठवाडा जवळपास अख्खा झोन 43 मध्ये येतो, त्याची मधली रेषा 75 अंश रेखांशावर, म्हणजे बीडपासून लांब नाही, आणि त्या रेषेवर नकाशातलं अंतर मुद्दाम 0.9996 पट धरलेलं असतंय. त्यात आपण समुद्रसपाटीपासून पाचेकशे मीटर वर, त्यानं फरक अजून थोडा वाढतो. सगळं मिळून नकाशात अन् जमिनीवर किलोमीटरमागं जवळपास 40 सेंटिमीटरचा फरक. आमचा सर्वेअर तीन किलोमीटर मागच्या खुणेवरून टोटल स्टेशननं (अंतर-कोन मोजायचं यंत्र) जमिनीवरचं खरं अंतर मोजत आलेला, स्केल फॅक्टर, म्हणजे हा फरक धरणारा आकडा, न टाकता. बेरीज तुम्हीच करा. मग फॅक्टर टाकला, कमी कमी अंतरावर सर्वेच्या खुणांचे पिलर बसवले, मोरी जुळली. हे कुठल्याच क्लासमध्ये कुणी सांगितलं नव्हतं, माझ्या तरी.

क्लॅश डिटेक्शनचं, म्हणजे मॉडेलमध्ये कुठली वस्तू कुठल्या वस्तूत घुसतीय ते शोधायचं, लई कौतुक ऐकाल. नेव्हिसवर्क्स नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्यांदा चालवलं तर शेकड्यानं क्लॅश निघाले, त्यातले बहुतेक सळईला सळई लागली असले फालतू. कामाचा एकच, गावची पाण्याची लाइन विंगवॉलमधून (मोरीच्या तोंडाच्या बाजूची भिंत) आरपार. पण ती लाइन मॉडेलमध्ये दीड मीटर खोल टाकली होती ती पाणी सोडणाऱ्या काकांनी सांगितलं म्हणून, खड्डा घेऊन बघितलं तर पाऊण मीटरवरच निघाली. तवापासून मी खड्डा घेतल्याशिवाय जमिनीखालची कुठलीच लाइन खरी धरत नाही.

बीआयएममधली माहिती कशी सांभाळायची याचं आयएसओ 19650 नावाचं स्टँडर्ड आहे, त्याचे पहिले दोन भाग 2018 ला आले. वाचायला कंटाळवाणं, पण मला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला, कारण आमच्याकडं ड्रॉइंग व्हॉट्सॲपवर फिरायची, नाव "फायनल फायनल 2", आणि एका स्लॅबचं स्टील जुन्या रिव्हिजनवर बांधून झालं होतं. ते पुन्हा सोडताना बारबेंडर काय बोलला ते इथं लिहिता येत नाही. फाइलला नीट नाव, रिव्हिजन नंबर, एकच सर्व्हर, मंजूर झाल्याशिवाय साइटवर प्रिंट जाणार नाही, निम्मं बीआयएम एवढंच आहे भावांनो.

सॉफ्टवेअरचं टेन्शन घेऊ नका, ऑटोडेस्कचं विद्यार्थ्यांना फुकट मिळतं. आधी सहा महिने साइटवर ऑटो लेव्हल (उंची मोजायचं यंत्र) लावा, बीबीएस (सळयांच्या मापांची यादी) हातानं काढा. आणि क्लास लावायचाच असेल तर फी भरायच्या आधी सरांना म्हणा, एक किलोमीटर रस्ता अन् त्यातली एक मोरी उघडून दाखवा. बंगला उघडला तर चहा पिऊन परत या.