जाहीरनाम्यातली नदी कशी वाचावी

माझ्या घराची खिडकी मुळा-मुठेकडे उघडते. फेब्रुवारी सरला की पाण्यावर जलपर्णी पसरते आणि दिवेलागणीला डासांसाठी जाळी ओढून घ्यावी लागते. त्यामुळे निवडणुकीत कुणी जाहीरनामा हातात ठेवो, कुणी वचननामा, कुणी संकल्पपत्र, मी आधी नदीचं पान काढते. तुम्हीही काढा आणि पेन्सिल घेऊन बसा.

पहिल्यांदा क्रियापदांखाली रेघ मारा. 'कटिबद्ध राहू', 'चालना देऊ' याचा पाच वर्षांनी जाब विचारता येत नाही. अमुक नाल्याचं मैलापाणी अमुक सालापर्यंत नदीत जाणं थांबवू, असं लिहिलं असेल तर विचारता येतो.

मग नेमकं काय सुधारणार ते बघा, कारण पुण्यात खरी गफलत इथेच होते. 'नदी सुधार' आणि 'नदीकाठ सुधार' हे दोन वेगळे प्रकल्प आहेत. पहिला मैलापाण्याचा. जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून ११ शुद्धीकरण केंद्रं बांधायची, २०१६ साली धरलेला खर्च सुमारे ९९० कोटी. दुसरा ४४ किलोमीटर काठाचा, त्याचं भूमिपूजन मार्च २०२२ मध्ये झालं. काठाला फरशी बसली तरी नाल्यातून येणारं पाणी तसंच राहतं. 'नद्यांचा कायापालट' एवढंच छापलं असेल, तर कुठला प्रकल्प ते विचारा. दारात आलेल्या एका उमेदवाराला मी विचारलं, "पाणी की काठ?"

"दोन्ही, काकू."

"मग आपल्या प्रभागातला कुठला नाला अजून शुद्धीकरण केंद्राला जोडायचा राहिलाय?"

त्यानं बरोबरच्या कार्यकर्त्याकडे बघितलं. कार्यकर्त्यानं माझा नंबर वहीत उतरवून घेतला. फोन आला नाही, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

काम कुणाच्या हातात आहे तेही तपासा. सांडपाणी, कचरा, रस्त्याकडेची झाडं महापालिकेकडे. खडकवासल्यातून पाणी सोडणं जलसंपदा विभागाकडे, कारखान्यांवर कारवाई राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. नगरसेवकपदाच्या उमेदवारानं धरणाचं पाणी नदीला देण्याचं वचन दिलं, तर त्याला फार तर पाठपुरावा करता येईल.

पैशाचं उत्तर अंदाजपत्रकात शोधा. लोकसभा-विधानसभेच्या आचारसंहितेतही, आश्वासनांसाठी पैसा कुठून येणार हे जाहीरनाम्यात ढोबळमानानं सांगावं, अशी अपेक्षा आहे. शिवाय आयुक्तांना दरवर्षी ३१ जुलैपूर्वी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल महापालिकेपुढे ठेवावा लागतो. त्यातले दोनच आकडे वहीत टिपा: रोज मैलापाणी किती तयार होतं आणि शुद्ध किती होतं.

जुने कागद रद्दीत घालू नका. मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं महापालिकेत नगरसेवक नव्हते, कारभार सरकारी प्रशासकाकडे होता, तेव्हा 'आमच्या हातात काही नव्हतं' हे उत्तर येईलच. अशा वेळी २०१७ चा जाहीरनामा समोर ठेवा आणि पहिल्या पाच वर्षांचा हिशेब मागा. माझ्या फायलीत त्या सालचे तीन जाहीरनामे आहेत, तिन्हींत नदी आहे.