नागपुरात आवाजातून मजकूर करणारं ॲप विकायला उतरताना

मराठी बोलून टाइप करण्याची सोय गूगलच्या कीबोर्डवर 2017 पासून फुकट आहे. त्यामुळे नुसतं टायपिंग विकू नका, पावतीसारखा तयार कागद विका. सुरुवातीला गिऱ्हाईक एकच धरा. उदाहरणार्थ, कळमना या शेतमालाच्या बाजारातला अडत्या: त्याने बोलायचं आणि माल, वजन, भाव आपापल्या रकान्यात पडायचे.

जाहिरातीआधी चाचणी घ्या. 20 जणांचं प्रत्येकी 10 मिनिटं बोलणं त्यांच्या संमतीने, त्यांच्याच फोनवर, लिलावाच्या गोंगाटात रेकॉर्ड करा. बंद खोलीतल्या चाचणीचे आकडे बाजारात टिकत नाहीत. चुकलेले, गळलेले आणि जास्तीचे शब्द मोजून त्यांना मूळ शब्दसंख्येने भागा. 500 शब्दांत 40 चुका म्हणजे 8 टक्के. मात्र आकड्यांच्या चुका वेगळ्या मोजाच. ‘पावणेदोन हजार’चे 1750 व्हायला हवेत, 2000 झाले तर गिऱ्हाईक त्याच दिवशी ॲप काढून टाकतं, आणि ते बरोबरच आहे. ‘मले’, ‘तुले’, ‘करून राहिलो’ अशी इथली बोली आणि मधेच येणारी हिंदी हीही चाचणीत हवी. पुस्तकी मराठीवर शिकवलेलं मॉडेल (आवाज ओळखणारी प्रणाली) इथेच अडखळतं.

विक्री दुकानात उभं राहून करा. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर धरायला सांगा आणि त्यांचीच पावती त्यांच्यासमोर बनवून दाखवा. महिनाभर फुकट द्या, पण रोज किती पावत्या झाल्या ते बघा; दुसऱ्या आठवड्यात वापर घसरला तर दर कमी करू नका, आधी चुका दुरुस्त करा.